कॅनरी बेटांवर ‘बारा महिने सारखीच हवा’? आधी बेटाची बाजू विचारा

युरोपातल्या थंडीला वैतागलेल्या मराठी मंडळींत एक सल्ला हातोहात फिरतो. आफ्रिकेच्या वायव्येला अटलांटिकमध्ये असलेल्या स्पेनच्या कॅनरी बेटांवर बारा महिने सारखीच हवा. कुठलंही बेट, कुठलाही महिना चालतो. समुद्र उबदार, आडोशाचे किनारे शांत, मालवणला स्कूबा केलेलं असलं की पुरे. आणि दिवस कमी असतील तर सकाळी डायव्हिंग, दुपारी केबल कारने तेइदे, म्हणजे तेनेरीफ बेटावरचा उंच ज्वालामुखी.

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. तेनेरीफच्या दक्षिण किनाऱ्यावर दुपारचं तापमान जानेवारीत २१ अंशांच्या आणि ऑगस्टमध्ये २८ च्या आसपास असतं. पण पाण्यातल्या आणि डोंगरातल्या खेळांना तेवढ्यावर हवा ठरवून चालत नाही.

‘कुठलाही महिना, कुठलाही किनारा’

उन्हाळ्यात, विशेषतः जून ते ऑगस्ट, ईशान्येकडून व्यापारी वारे जोरात वाहतात. उंच बेटांना वळसा घालताना ते कडेला दाटतात आणि वेग घेतात. ग्रान कनारियावरचं पोसो इस्किएर्दो आणि तेनेरीफवरचं एल मेदानो विंडसर्फिंगसाठी नावाजलं ते यामुळेच. पोसोला जुलैत जगभरचे खेळाडू जमतात. त्याच जुलैत नवशिक्याने तिथे शिकवणी लावणं म्हणजे पैसे वाऱ्यावर सोडणं.

हिवाळ्यात गणित उलटतं. वारा पडतो, पण उत्तर अटलांटिकमधल्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर चालून उत्तर आणि वायव्य किनाऱ्यांवर येतात. आकाश निरभ्र, वाऱ्याची झुळूक नाही, तरी समुद्र खवळलेला असतो. अंदाज पाहताना लाटेची उंची एकटी पाहू नका, दोन लाटांमधले सेकंदही पाहा. दोन मीटरची लाट ७ सेकंदांनी येते ती वेगळी आणि १५ सेकंदांनी येते ती वेगळी. दुसरीत पाणी कितीतरी जास्त असतं आणि ती खडकावर खूप वर चढते.

लाव्हाच्या खडकांतले नैसर्गिक तलाव इथेच दगा देतात. मोठ्या लाटा चार-सहाच्या गटाने येतात आणि मध्ये दहा-पंधरा मिनिटं सगळं निवांत असतं. माणसं नेमकी त्या निवांतपणात उतरतात. उतरण्याआधी किमान वीस मिनिटं लांबून पाहत बसा. पाऊस नसताना खडक ओला दिसला, तर लाट तिथवर येते हे पक्कं समजा. भरती चढत असताना उतरू नका. उधाणाच्या दिवसांत इथली भरती-ओहोटी अडीच मीटरांच्या आसपास जाते.

‘आडोशाची बाजू शांत’

लाटांपुरतं बरंचसं खरं. वाऱ्यापुरतं घातक. फुएर्तेव्हेंतुरा बेटाच्या सोतावेन्तो किनाऱ्याच्या नावाचा अर्थच ‘वाऱ्याच्या आडोशाची बाजू’. पण बेटाच्या त्या अरुंद, सखल मानेवरून वारा घुसतो आणि वेगाने समुद्राकडे निघून जातो. दिशा आपल्या मतलई वाऱ्याची, जोर मात्र दुपारी २० ते ३० नॉटचा (ताशी सुमारे ३७ ते ५५ किलोमीटर). किनाऱ्याजवळ पाणी आरशासारखं दिसतं, कारण लाट उठायला वाऱ्याला अंतरच मिळालेलं नसतं. शे-दोनशे मीटर आत गेल्यावर खरा वारा लागतो, आणि तो आफ्रिकेच्या दिशेला ढकलत असतो.

म्हणून हवा भरलेली गादी, फुगवलेलं रबरी बदक आणि उभ्याने वल्हवायची पाटी (पॅडलबोर्ड) या तीन गोष्टी अशा किनाऱ्यावर दुपारी पाण्यात नेऊ नयेत. गादी उडाली तर जाऊ द्या, मागे पोहू नका. पाटीवर असताना वारा वाढला तर लगेच गुडघ्यांवर बसा. तरी पुढे सरकत नसाल तर पालथं झोपून हातांनी वल्हवा. उभं शरीर म्हणजे शीडच. पाटी कधीही सोडायची नाही, पायाची दोरी बांधलेलीच हवी. मदतीचा क्रमांक ११२.

काइट (मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर सरकण्याचा खेळ) शिकायचं असेल तर हाच किनारा उत्तम, मात्र भरतीने तयार होणाऱ्या उथळ खाजणात आणि बचावाची होडी असलेल्या शाळेकडूनच. ७५ किलोच्या माणसाला २५ नॉट वाऱ्यात ७-८ चौरस मीटरचं काइट पुरतं. घरून आणलेलं १२ चं बाहेर काढूच नका.

‘समुद्र उबदार’

पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये १८-१९ अंश, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये २३-२४. उत्तरेकडून येणारा कॅनरी प्रवाह आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत खोलातून वर येणारं थंड पाणी हे त्याचं कारण. म्हणूनच पूर्वेच्या लान्झारोते बेटाचं पाणी पश्चिमेच्या एल येरो बेटापेक्षा गार. लाटांवर खेळायला ३/२ मिलिमीटरचा रबरी सूट (धडाला ३, हातापायांना २ मिलिमीटर जाड) बहुतेक महिने चालतो, डायव्हिंगला ५ चा आणि हिवाळ्यात ७ चा.

‘मालवणचा अनुभव पुरे’

मालवणला बहुतेकांनी केलेलं असतं ते चाखण्यापुरतं डायव्हिंग: काही मीटर खोली, मागे सिलिंडर धरून प्रशिक्षक, पाणी २७-२८ अंश. मजा येते, पण तो परवाना नव्हे. लान्झारोतेतल्या पाण्याखालच्या संग्रहालयातले पुतळे १२ ते १४ मीटरवर आहेत.

परवाना असलेल्यांचीही एक चूक ठरलेली. पाण्याखाली जाता यावं म्हणून पातळ सूटवर दोन-तीन किलो शिसं लावायची सवय असते. ७ मिलिमीटरच्या सूटवर तेवढ्यात माणूस खाली जातच नाही. मग घाईत भरमसाट वजन लावलं जातं आणि खोलवर सूट दबला की तोच माणूस दगडासारखा तळाला जातो. नीट पद्धत अशी: सिलिंडरमध्ये हवेचा दाब ५० बार उरलेला असताना, पाण्याच्या पृष्ठभागावर, तरंगण्यासाठी हवा भरायचं जाकीट पूर्ण रिकामं करा, नेहमीसारखा श्वास घेऊन धरा, पाणी डोळ्यांच्या पातळीवर आलं पाहिजे. भरलेल्या सिलिंडरने तपासत असाल तर वर दोनेक किलो वाढवा. सिलिंडर पोलादी आहे की अॅल्युमिनियमचा हेही विचारा. पोलादी असेल तर शिसं कमी लागतं.

‘सकाळी डायव्हिंग, दुपारी तेइदे’

हा सल्ला पुढे पाठवणं खरोखर थांबवा. खोलवर दाबाखाली श्वास घेताना रक्तात आणि ऊतींत नायट्रोजन विरघळतो आणि वर आल्यावर तासन्‌तास हळूहळू निघत राहतो. त्या काळात बाहेरचा दाब एकदम उतरला तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे धरतात: सांधेदुखी, बधिरपणा, क्वचित लकवा.

विमानाआधी १२ ते २४ तास थांबायचं हे डायव्हरला पाठ असतं. विमानाच्या आतला दाब फार तर २,४०० मीटर उंचीइतका उतरतो. तेइदेच्या केबल कारचं खालचं स्थानकच २,३५६ मीटरवर आहे. आठ मिनिटांत ती ३,५५५ मीटरवर नेते, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के. म्हणजे विमानापेक्षा वाईट. केबल कार टाळूनही सुटका नाही, कारण तेइदेभोवतीच्या लास कान्यादास या खोलगट पठारातून जाणारा रस्ताच दोन हजार मीटरच्या वर चढतो. डायव्हनंतर दक्षिणेकडून उत्तरेला जायचंच असेल तर किनाऱ्याच्या महामार्गाने जा. ला पाल्मा बेटावर तर गाडी थेट २,४२६ मीटरच्या रोके दे लोस मुचाचोस शिखरापर्यंत पोहोचते, नियम तोच.

उलट क्रम चालतो. आधी डोंगर, मग पाणी.

‘तिकीट काढलं की शिखर’

केबल कारचं तिकीट वरच्या स्थानकापुरतं. तिथून ३,७१५ मीटरच्या माथ्यापर्यंतच्या शेवटच्या वाटेला राष्ट्रीय उद्यानाचा वेगळा परवाना लागतो. तो नावावर आणि ठरावीक वेळेचा असतो आणि बराच आधी संपतो. तेनेरीफवरच्याच मास्काच्या घळीतही आगाऊ नोंदणी आणि डोक्यावर हेल्मेट सक्तीचं. दगड आपल्या सह्याद्रीसारखाच ज्वालामुखीचा, पण तेइदेवरचा लाव्हा पावसाने घासून गुळगुळीत झालेला नाही. पडलात तर तळहात सोलून निघतो, म्हणून हातमोजे ठेवा.

वारा किंवा बर्फ असला की केबल कार बंद राहते. म्हणून तेइदे सहलीच्या पहिल्या दोन दिवसांत ठेवा, एक दिवस राखीव धरा, डायव्हिंग त्यानंतर घ्या आणि परतीच्या विमानाआधीचे शेवटचे २४ तास सिलिंडर पाठीवर चढवू नका.