‘दीडशे रुपयांत होतं’ म्हणणाऱ्या निनावी महाशयांना

निनावी महाशय,

डेलच्या ऑप्टिप्लेक्स ९०२० या कॉम्प्युटरच्या टॉवरमध्ये आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड बसवायचं तर आधी पॉवर सप्लाय बदला, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर हार्डडिस्कच्या दोन साटा प्लगांतून कार्डाच्या आठ पिनी सॉकेटला वीज देणारा कन्व्हर्टर सुचवून तुम्ही म्हणता, “दीडशे रुपयांचा दोन साटा टू एट पिन कन्व्हर्टर लावला की झालं. उगाच लोकांना खर्चात पाडता, दुकानदार कमिशन देतो का?”

आधी चूक कबूल करतो. ९०२० सारखाच मदरबोर्डाला आठ पिनांचा डेलचा खास कनेक्टर ७०२० या मॉडेललाही असतो, माझ्याकडून ७०१० लिहिलं गेलं. ७०१० ला नेहमीचा २४ पिनीच आहे. बरोबर पकडलंत. पण तेवढ्यावरून “कधी डबा उघडून तरी बघितलाय का” हे विचारायलाच हवं होतं? बारा वर्षं रिपेअरिंगच्या टेबलावर बसतोय. आणि कमिशनचं म्हणाल, तर त्या लेखात मी एकाही पॉवर सप्लायच्या कंपनीचं नाव घेतलेलं नाही. पुन्हा वाचा. खरं तर पहिल्यांदा नीट वाचा.

आता तुमचा कन्व्हर्टर. साटाच्या पॉवर प्लगमध्ये १२ व्होल्टच्या पिना तीन, प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर. म्हणजे एका प्लगचे ५४ वॅट, दोन प्लगचे १०८. कार्ड १७० वॅटचं, ते ज्यात बसतं त्या बोर्डावरच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५, उरले ९५. कागदावर बसतंय म्हणून तुम्ही खूश. पण कार्ड स्लॉटमधून पूर्ण ७५ ओढेलच असं नाही, ते बहुतेक भार प्लगवरच टाकतं. शिवाय तुमचे ‘दोन’ साटा निघतात एकाच वायरीवरून. आणि ९०२० मध्ये ती वायर पॉवर सप्लायमधून येतच नाही, मदरबोर्डावरच्या छोट्या सॉकेटमधून येते! हार्डडिस्क आणि डीव्हीडी ड्राइव्हसाठी केलेली सोय ती. तिथून तुम्ही कार्ड चालवायला सांगताय.

जळतं कसं तेही सांगतो. पीन थोडी सैल असली की तिथे विजेला होणारा रोध वाढतो, पीन तापते, प्लास्टिक मऊ पडतं, पीन आणखी सरकते, आणखी तापते. पिवळ्या (१२ व्होल्टच्या) वायरीच्या तोंडाशी पांढरा प्लग चहासारखा तपकिरी झालेला दिसला की समजायचं, वेळ भरत आलीय. “माझं दोन वर्षं चालतंय” म्हणता ना? अर्धा तास जड गेम खेळा, मशीन बंद करून प्लग बाहेर काढा आणि त्याच्या सगळ्या घरांचा रंग बघा.

बेरीजही करा. मूळ सप्लाय २९० वॅटचा. कार्ड १७०, आय-फाइव्ह ४५९० प्रोसेसरचे ८४. उरलेल्या ३६ वॅटमध्ये बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे. त्यात कार्ड काही मिलिसेकंदांसाठी १७० च्या वर उडी मारतं, म्हणून डेस्कटॉपवर सगळं छान आणि गेम सुरू झाला की खटकन बंद. मग विंडोज नव्याने टाकत बसतात लोक.

नवीन घेताना ५५० वॅटचा, शक्यतो १४० मिमी लांबीचा घ्या. खोक्यावरचा मोठा आकडा सोडा, लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघा: १८ अँपिअर म्हणजे २१६ वॅटच. बोर्डाला डेलसाठीचाच २४ टू ८ पिन कन्व्हर्टर (हा कन्व्हर्टर चालतो, कारण कार्डाचा भार त्याच्यातून जात नाही), प्रोसेसरला चार पिनी, डिस्कना नव्या सप्लायचेच साटा. कार्डाला ६+२ वालीच केबल. प्रोसेसरची ४+४ दिसायला तशीच, पण तिच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट्या असतात. जोर लावून बसवू नका.

जीटीएक्स १६५० सारख्या, वेगळा पॉवर प्लग न लागणाऱ्या कार्डाला सप्लाय बदलावा लागत नाही, हे खरं. तो लेखाचा विषयच नव्हता. “इंग्रजी शब्द फार” यावर काय बोलणार? मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ‘विद्युत पुरवठा संच’ मागून बघा.

७०१० ची दुरुस्ती वर केली आहे. कन्व्हर्टरचा परिच्छेद आहे तसाच राहील.