कांद्याच्या रसाने काचबिंदू जात नाही

‘कांद्याचा रस आणि मध डोळ्यांत घाला, काचबिंदू विरघळतो, गेलेली नजर परत येते’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. मुळात काचबिंदूत विरघळण्याजोगा बिंदू नसतोच. नावानेच घोटाळा केलाय. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. काचबिंदूत डोळ्यामागची नस, बहुधा आतल्या दाबामुळे, हळूहळू मरते आणि ती पुन्हा जिवंत होत नाही. थेंब, लेझर, शस्त्रक्रिया यांनी उरलेली नजर राखता येते, एवढंच. डोळ्यातला दाब नेहमीच्या मर्यादेच्या, म्हणजे 21 मिमी पाऱ्याच्या, आत असूनही हा आजार होतो, म्हणून चाळिशीनंतर नसही तपासून घ्यावी. आईवडील-भावंडांत कुणाला असेल तर नक्कीच. आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब कांद्यापायी बंद करू नका.