‘अमेरिकेत रेल्वे शेतकऱ्याचं धान्य फुकट नेते’ म्हणे!

एक फॉरवर्ड सध्या गावोगावच्या ग्रुपांवर फिरतंय. थोडक्यात असं: अमेरिकेत एलिव्हेटर, म्हणजे धान्याची उंच कोठारं, सरकारची असतात. तिथे आडत नाही, कटती नाही. सरकारी पैशावर चालणारी छोटी रेल्वे, ‘शॉर्ट लाइन’, तिथून माल फुकट उचलते आणि थेट जहाजाला लावते. म्हणून शेतकऱ्याच्या हातात शिकागोच्या वायदे बाजारातला अख्खा भाव पडतो. खाली हात जोडलेले आणि ‘आपल्याकडे कधी?’

दुर्लक्ष केलं असतं, पण औशाकडच्या मामांनी तेच मला पाठवून विचारलं, “तू तिथंच राहतेस ना, खरंय का गं हे?” मामांचं सोयाबीन घरात पडून आहे आणि या असल्या मजकुरावर ते हिशेब मांडायला लागलेत. मी इलिनॉयमध्ये राहते, चहूकडे मका आणि सोयाबीन. तेव्हा मामा, आणि ज्यांनी ज्यांनी हे पुढे ढकललं ते सगळे, ऐका.

आधी ‘फुकट रेल्वे’, कारण बाकीचा डोलारा तिच्यावरच उभा आहे. अमेरिकेचं कृषी खातं दर गुरुवारी ‘ग्रेन ट्रान्सपोर्टेशन रिपोर्ट’ काढतं. रेल्वेचं वॅगनमागचं भाडं, इंधन अधिभार, नदीतल्या बार्जचे, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट होड्यांचे दर, डिझेलचा भाव, सगळं त्यात असतं. इलिनॉयमध्ये मका काय भावाने आणि मेक्सिकोच्या आखातावरच्या बंदरात काय भावाने, याचंही कोष्टक असतं. भाडंच नसेल तर ही माणसं दर आठवड्याला एवढी पानं कशाने भरतात?

आणि हे भाडं भरतो कोण? कागदावर एलिव्हेटर, पण जातं शेतकऱ्याच्या खिशातून. एलिव्हेटरच्या फलकावरचा भाव शिकागोचा नसतो. शिकागोच्या वायद्यापेक्षा तो बहुतेक वेळा कमीच असतो, आणि त्या फरकाला इथे ‘बेसिस’ म्हणतात. समजा वायदा बुशेलला, म्हणजे सोयाबीनच्या सुमारे 27 किलोंना, साडेदहा डॉलर आहे आणि बेसिस उणे 40 सेंट. शेतकऱ्याला मिळाले 10 डॉलर 10 सेंट. पुढची वाहतूक, हाताळणी, एलिव्हेटरचा नफा, सगळं त्या 40 सेंटांत. जवळ तेलाचा कारखाना असेल तर बेसिस सुधारतो, वाहतूक अडली की कोसळतो. 2022 च्या हंगामात मिसिसिपीचं पाणी उतरलं, बार्जचे दर आभाळाला भिडले आणि नदीकाठच्या एलिव्हेटरांनी खरेदीचा भाव खाली ओढला. शिकागोचा आकडा तेव्हाही टीव्हीवर ऐटीत झळकत होता. तो आकडा बघून मामा उसासे टाकतात, पण इथल्या शेतकऱ्यालाही तो पुरता मिळत नाही.

बरं, ही छोटी रेल्वे सरकारने शेतकऱ्यांसाठी काढली हेही खोटं. 1980 च्या स्टॅगर्स कायद्याने रेल्वेवरचं सरकारी नियंत्रण सैल झालं, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी न परवडणाऱ्या शाखा सोडून द्यायचा किंवा विकायचा सपाटा लावला. रूळ गेले तर एलिव्हेटरला ट्रकशिवाय गत्यंतर नाही. इलिनॉयमधल्या केम्पटन ते कोलफॅक्स या फाट्याचं तेच होणार होतं. 1985 मध्ये तो ‘ब्लूमर लाइन’ या छोट्या रेल्वेकडे आला, आणि आज ती रेल्वे एका धान्य कंपनीच्याच मालकीची आहे. म्हणजे एलिव्हेटरवाल्यांनीच पदरमोड करून रूळ राखलेत. असल्या लाइनींवर कुठे कुठे गाडी ताशी 10 मैलांनी रांगते, आणि जुन्या हलक्या रुळांना आजच्या भरलेल्या वॅगनचं 2,86,000 पौंड वजन झेपत नाही. फुकट कसली नेताय!

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते. रूळदुरुस्तीवर खर्च केला की शॉर्ट लाइनला करात सवलत मिळते, आणि 2020 च्या अखेरीस ती कायमची झाली. ‘सरकारी पैसा’ म्हणतात तो बहुधा हाच. पण ही सवलत स्लीपर आणि रूळ बदलायला आहे, भाडं माफ करायला नाही.

‘कटती नाही’ हे वाचून तर हसूच आलं. ट्रक काट्यावर चढला की वरून सोंडेसारखी नळी येते, धान्यात खुपसते, चारपाच जागचा नमुना ओढून घेते. सोयाबीनचा ओलावा 13 टक्क्यांच्या वर निघाला की कटती. काडीकचरा, डागी दाणा, त्याचीही कटती. फरक एवढाच की दर आधी छापलेले असतात आणि पावतीवर ओळीने उतरतात. मोंढ्यात मूठभर दाणे तळहातावर घेऊन ‘मॉइश्चर लई आहे’ म्हणण्यापेक्षा हे बरं, एवढं मान्य.

एलिव्हेटर सरकारचे? कारगिल, एडीएम असल्या खासगी धान्य कंपन्यांचे, नाहीतर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांचे. सरकार गोदामाला परवाना देतं, प्रतवारीचे नियम ठरवतं.

राहिलं ‘थेट जहाजापर्यंत’. शॉर्ट लाइन वॅगन नेऊन मोठ्या रेल्वेच्या हवाली करते आणि मागे फिरते. बरंच धान्य तर रूळ बघतच नाही, ट्रकने जवळच्या इथेनॉल कारखान्यात किंवा नदीवर जातं. फॉरवर्डसोबतच्या व्हिडिओत नारिंगी इंजिनं लावलेली, संपता संपत नाही अशी गाडी दिसते ना? ती बीएनएसएफची आहे, देशातल्या सगळ्यात मोठ्या रेल्वे कंपन्यांपैकी एक. शॉर्ट लाइन त्या व्हिडिओत कुठेच नाही.