तुमच्या अक्षराला अपग्रेड नाही, मॅडम

सव्वादहाला विमान कंपनीला फोन लावला, माणूस बोलला अकरा वाजून दोन मिनिटांनी. मधली सत्तेचाळीस मिनिटं तोच पियानो आणि ‘आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे’. तेवढ्यात माझी अर्धा किलो गवारी मोडून झाली, शिरा काढून.

मग तो गोड आवाज. “मॅडम, तुमच्या खात्यात एक लाख बारा हजार पॉइंट आहेत.” आहेतच की ओ, मी जमवलेत! “पण तुमच्या तिकिटाचा क्लास अपग्रेडला पात्र नाही.” म्हटलं, क्लास इकॉनॉमी, म्हणून तर पॉइंट देऊन वर बिझनेसमध्ये जायचंय. नाही म्हणे. इकॉनॉमीच्या पोटात डझनभर अक्षरं. वाय म्हणजे पूर्ण भाड्याचं, तिथून खाली घसरत आमचं अक्षर. खुर्ची तीच, गारढोण पुलाव तोच, पण तिकिटाची रास वेगळी! ई-तिकिटावर मुंगीएवढं ते अक्षर मी आठ वर्षं बघत आलेय. मला वाटायचं, छपाईची काहीतरी खूण.

वरच्या अक्षराचं तिकीट? बेचाळीस हजार जास्त. ते भरून, वर पॉइंट देऊन सीट नक्की का? “वेटलिस्ट, मॅडम. विमानतळावर कळेल.” म्हणजे शिकागोला लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या बाईनं गेटवर हात जोडून उभं राहायचं, आणि पुढं तो पडदा. बिझनेसवाले बसले की हवाई सुंदरी आमच्या तोंडावर सर्रकन ओढते, तो. कुणी दाराच्या आड जेवत असल्यासारखा. मला त्या पडद्याचा जुना राग आहे.

आणि काय काय केलं ह्या पॉइंटांसाठी! सांबऱ्याहून, म्हणजे आमच्या बेळगावच्या विमानतळावरून, उडणारी कंपनी वेगळी, तिचे पॉइंट ह्या खात्यात पडत नाहीत. मग रात्रीच्या स्लीपर बसनं मुंबई, पाचशे किलोमीटर, पाय दुमडून. एकदा तिकीट ह्यांचं, विमान भलत्याच कंपनीचं निघालं. कोडशेअर म्हणे, त्यातही अपग्रेड नाही. एकदा पासपोर्टवर वडिलांचं नाव आणि खात्यावर नाही म्हणून अख्ख्या फेरीचे पॉइंट अडकले. पत्ता जुळेना, कारण खात्यात बेळगाव आणि त्यांच्या यादीत बेळगावी. २०१४ च्या नोव्हेंबरात सरकारनं नाव बदललं, त्याचाही हिशोब मीच द्यायचा? टिळकवाडीतून कुठं हललेय का मी?

भाचा विचारतोय, “मावशी, लांबच्या प्रवासाला कुठल्या कंपनीचा पॉइंटांचा प्रोग्राम घेऊ?” घे बाबा. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स ह्या विमान कंपन्यांच्या गटात, सिंगापूर एअरलाइन्सही त्यातच. एकाचं गोल्ड कार्ड असलं की दुसऱ्याकडे लाउंज, जादा बॅग, वेगळी रांग मिळते. वरची सीट नाही मिळत! कतारवाले वनवर्ल्ड ह्या दुसऱ्या गटात. एमिरेट्स कुठल्याच गटात नाही. सिंगापूरचे माइल्स, म्हणजे तिकडचे पॉइंट, तीन वर्षांत मरतात. कार्ड घेण्याआधी एवढंच विचार, सगळ्यात स्वस्त तिकिटाला अपग्रेड चालतं का. मी हे सोडून सगळं विचारलं होतं. जेवण शाकाहारी मिळेल का, हेसुद्धा दोनदा.

ह्यांनी पेपरातून डोकं न काढता हिशोब मांडला. दुसरं विमान स्वस्त असताना हेच धरलं, पाच फेऱ्या, दर फेरीला आठ-दहा हजार. वर कार्डाची वर्षाची फी. “एवढ्यात तुला एकदा प्रीमियम इकॉनॉमी आली असती. पाय लांब करून गेली असतीस.” आणि वर कानडीत, “होगली बिडु.” जाऊ दे, सोड म्हणे. ह्यांचं काय जातंय! मी शहापूरच्या दुकानात साडी घेतानासुद्धा कार्डच पुढं केलं, पॉइंट पडतात म्हणून. तो दुकानदार रोखीला दोनशे कमी करत होता.

फोन ठेवताना गोड आवाज म्हणाला, ह्या महिनाअखेर नऊ हजार पॉइंट जाणार आहेत, आमच्या दुकानात वापरता येतील. उघडून बघितलं. छत्री, इस्त्री, ट्रॉली बॅग.

बॅग मागवली. निळी आहे, चार चाकांची. कुंद्याचे दोन किलो आरामात बसतील. आता ती कुठल्या पत्त्यावर येते बघायचं, बेळगाव का बेळगावी.