हात हलतो म्हणून ट्रायपॉड लावत नाहीत

नमस्कार.

छोटा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा ट्रायपॉडवर कसा बसवावा, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "३४४ ग्रॅमच्या कॅमेऱ्याला कसला ट्रायपॉड? ज्यांचे हात थरथरतात त्यांचे हे चोचले. हेडबद्दलचं अर्धवट आहे, एल-ब्रॅकेटचं वजन लपवलंत आणि स्क्रूचं माप तर चुकलंच." (इतर वाचकांसाठी: हेड म्हणजे ट्रायपॉडच्या माथ्यावरचा, कॅमेरा धरणारा फिरता भाग. एल-ब्रॅकेट म्हणजे कॅमेऱ्याला तळाशी आणि एका बाजूने लागणारी काटकोनी पट्टी.)

स्क्रूचं तुमचं बरोबर. कॅमेऱ्याच्या तळाचा आटा पाव इंची असतो, मी तीन-अष्टमांश लिहून बसलो होतो. दुरुस्त केलं, आभार.

पण 'चोचले'? आणि 'लपवलंत'? स्वतःचं नाव न देता दुसऱ्यावर लपवाछपवीचा आरोप करायचा, ही कुठली रीत? लेखात काही राहिलं असेल तर विचारा, सांगतो. लेख फुकट आहे म्हणून लिहिणाऱ्याची अक्कल काढायचा हक्क मिळत नाही.

हातांचंच म्हणाल, तर १९९८ साली मी मिरजेत मामाच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढायला बसलो. मामाचा हात दगडासारखा स्थिर होता, तरी कॅमेरा कायम ट्रायपॉडवर. गिऱ्हाईक बदलायचं, खुर्ची आणि चौकट तीच. ट्रायपॉड हात हलतो म्हणून लावत नाहीत. चौकट हलू नये म्हणून लावतात. एवढी गोष्ट मला विसाव्या वर्षी कळली होती.

गेली सहा वर्षं मी घरोघरी जाऊन जुन्या मोडी वह्यांचे, खतांचे म्हणजे जुन्या दस्तांचे फोटो काढतो. कॅमेरा सोनीचा ए६०००, २०१४ चा, तुम्ही म्हणता तोच ३४४ ग्रॅमचा. त्याच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सावरणारी सोय, नाही. समजा असतं, तरी दोनशे पानं एकाच मापात, एकाच कोनात ते कसं काढून देणार? कॅमेरा थेट खाली तोंड करून लावावा लागतो. पानाच्या जागी टेबलावर छोटा आरसा ठेवायचा आणि त्यात लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोब्बर मध्यभागी येईपर्यंत हेड हलवायचं. तसं आलं की सेन्सर (कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग) आणि पान समांतर. मग आरसा काढायचा, वही ठेवायची, लेन्सचं छिद्र एफ८, उजेडाची संवेदनशीलता आयएसओ १००, खिडकीच्या उजेडात शटर सेकंदाचा पंधरावा भाग उघडं, दोन सेकंदांचा टायमर. हे हातात धरून करून दाखवा.

आता हाताळणीचं, म्हणजे लेखाचा जो खरा विषय होता आणि जो तुम्ही वाचलेला दिसत नाही. या कॅमेऱ्यात बॅटरी आणि कार्ड दोन्ही तळाच्या एकाच झाकणाखाली. मोठ्या कॅमेऱ्याची रुंद प्लेट (कॅमेऱ्याच्या तळाला स्क्रूने लावून हेडवर बसवायची पट्टी) लावली की झाकण उघडत नाही, मागचा पडदा खाली वळवताना प्लेटला अडतो आणि ग्रिपखाली बोटंही शिरत नाहीत. बॅटरी लहान, दुपारभराच्या कामात एकदा तरी बदलावीच लागते. पहिल्या वर्षी मी अशीच रुंद प्लेट लावून एका घरी २१२ पानांची वही घेतली होती. मध्येच बॅटरी संपली. नाण्याने स्क्रू सैल केला, कॅमेरा काढला, बॅटरी बदलली, परत बसवला. आरसा पुन्हा ठेवायचा कंटाळा केला. कॅमेरा स्क्रूभोवती केसभर फिरला होता. घरी येऊन पाहतो तर पुढच्या ३७ पानांचा डावा समास कापलेला आणि नेमक्या त्याच समासात तारखा होत्या. परत फोन केला तोवर वही वाटणीत दुसऱ्या भावाकडे गेली होती. ती मला आजवर पुन्हा पाहायला मिळालेली नाही.

म्हणून मी अरुंद, कॅमेऱ्याच्या तळाच्या काठाला अडणारी कड असलेली प्लेट घ्या म्हणतो. कड असली की कॅमेरा स्क्रूभोवती फिरत नाही. म्हणूनच झाकणाच्या जागी खाच असलेला एल-ब्रॅकेट सुचवतो. त्यात ब्रॅकेट हेडवर असतानाच बॅटरी बदलता येते, आडवी चौकट उभी करायची तर कॅमेरा काढून बाजूच्या भुजेवर बसवायचा, हेड वाकवायचं नाही. लेन्सही होती तिथेच राहते. हे ज्याला चोचले वाटतात, त्याने दुसऱ्याची वही हातात घेऊन काम केलेलं नाही, असं मी स्पष्टच म्हणतो.

हेडबद्दल तुम्ही नेमकं काय अर्धवट ते लिहिलेलं नाही, तेव्हा उत्तर कशाला देऊ?

राहिलं वजन. तुमची प्रतिक्रिया वाचून आत्ता स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिलं. माझा ब्रॅकेट ९२ ग्रॅम भरतो. लेखात तो आकडा घातला आहे.