पिल्लाच्या नाकात तेल सोडू नका

दिवाळी उलटली, कापूस वेचणीला आला की आमच्या भागात गोठ्यात, धुऱ्यावर, पऱ्हाटीच्या ढिगाआड कुत्र्या वितात. थंडी वाढते आणि गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो एका आठवड्यात चार जणांनी पाठवला. थोडक्यात असा: 'पिल्लाला खोकला, धाप, घरघर असेल तर दवाखान्यात पैसे घालू नका. नाकात कोमट जवसाचं तेल सोडा. हळद-अद्रकाचा काढा पाजा. घशात हाड असेल, बोट घालून काढा. अंग गरम लागलं तर तापाची अर्धी गोळी द्या. गावठी कुत्र्याला लस लागत नाही, लसीनंच पिल्लं मरतात. लहान पिल्लाला जंताचं औषध देऊ नका. पाच दिवस थांबा, आपोआप बरं होतं.'

मी तालुक्याच्या गावी जनावरांचा डॉक्टर आहे. हा मेसेज वाचून ज्यांनी उपाय केले, त्यांची पिल्लं माझ्या टेबलावर येतात. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

आधी तेल आणि काढा, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथंच होतं. मागच्या डिसेंबरात सातवीतला एक पोरगा शाळेच्या दप्तरात पिल्लू घालून आला. दीड महिन्याचं असेल. नाकपुड्या तेलानं चकाकत होत्या, हनुवटीखालचे केस काढ्यानं पिवळे होऊन चिकटले होते. पोरगा म्हणाला, "कालपासून खोकलत नाई, म्हंजे बरं झालं ना डॉक्टर?" मी पिल्लाच्या छातीवर नजर ठेवून मिनिटभर मोजलं. श्वास बहात्तर. मान पुढे ताणलेली, कोपरं बाहेर फेकलेली, प्रत्येक श्वासाला पोट आत ओढलं जात होतं. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, त्या जांभळट पडलेल्या. खोकायलाही त्राण उरलं नव्हतं, म्हणून खोकला थांबला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गेलं.

पाणी श्वासनलिकेत गेलं तर ठसका लागतो. तेल किंवा तूप गुळगुळीत असल्यानं बऱ्याचदा ठसका न लागताच खाली घसरतं. फुफ्फुसाला ते पचवता येत नाही. तिथं सूज येते आणि त्यावर जंतू बसतात. काढ्याचं असंच. हळद किंवा अद्रक विष नाही. पण ज्याला श्वास घ्यायला वेळ पुरत नाही त्याचं तोंड उघडून, मान वर करून चमचा ओतला, तर ते गिळणार कधी? गिळताना श्वास थांबवावा लागतो, आणि धापणाऱ्या पिल्लाला तो थांबवता येत नाही. मग काढा थेट फुफ्फुसात. आईविना वाढणाऱ्या पिल्लाला उताणं धरून बाटलीनं दूध पाजतात, त्यातही हाच धोका. पिल्लू आईखाली पितं तसं पोटावर ठेवूनच पाजायचं. धाप लागलेली असताना तोंडात काहीही ओतायचं नाही, पाणीसुद्धा.

आता हाड. साथीच्या खोकल्यात कुत्रं कोरडं, भुंकल्यासारखं खोकतं आणि शेवटी ओकारी काढल्यासारखं करतं. पाहणाऱ्याला वाटतं, घशात काहीतरी अडकलं. पण पिसाळलेलं कुत्रंही अगदी असंच दिसू शकतं: जबडा लोंबलेला, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदललेला. रेबीज पिल्लालाही होतो. म्हणून हा सल्ला माणसाच्या जिवावर बेतणारा आहे. बोट घालू नका. घातलं असेल, लाळ जखमेला लागली असेल किंवा दात लागला असेल, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शन सुरू करा. हे मी हात जोडून सांगतो.

तापाच्या गोळीचा हिशेब सोपा आहे. पॅरासिटामॉलची पाचशेची गोळी अर्धी केली म्हणजे २५० मिलिग्रॅम. पिल्लू अडीच किलोचं असेल तर किलोमागे १०० मिलिग्रॅम झाले. एवढ्यानं कुत्र्याच्या यकृताला इजा होऊ शकते आणि त्याहून जास्त गेलं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच कमी होते. आधीच श्वास पुरत नसलेल्या जिवाला आपण हे देतो! शिवाय ताप होता का, हाही प्रश्नच. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्या हाताला ते कायम गरमच लागणार. घरात उरलेल्या अंगदुखीच्या इतर गोळ्या तर पोटात व्रण करतात, किडन्या बिघडवतात.

लसीच्या मुद्द्यावर मला जरा थांबायचं आहे. आमच्या म्हाताऱ्या माणसांना बुळकांडी आठवते. गोठेच्या गोठे रिकामे करणारा तो रोग लसीकरणानं संपला, २०११ साली जगातून त्याचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. पिल्लांना होणारा डिस्टेंपर त्याच विषाणूंच्या घराण्यातला, माणसाचा गोवरही त्यातलाच. आधी डोळ्यांना चिपडं, नाकाला घट्ट शेंबूड, ताप, मग खोकला, हगवण. काही पिल्लं त्यातून उठतात, मालक खूश होतो आणि काही आठवड्यांनी झोपेतही एक पाय ताडताड उडायला लागतो, झटके येतात. त्या विषाणूला थेट मारणारं औषध आमच्याकडे नाही. आहे ती फक्त लस.

गावठी कुत्रं काटक असतं, हे खरं. पण मेसेज लिहिणाऱ्याला दिसतात ती जगलेली काटक कुत्री. त्यांच्यासोबत जन्मलेली आणि दोन महिन्यांत उकिरड्यावर टाकलेली भावंडं त्याच्या हिशेबात येत नाहीत.

'लसीनंतर मेलं' हेही मी समजू शकतो. डिस्टेंपरचा विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसायला एक-दोन आठवडे, कधी जास्तही लागतात. आज लस दिली आणि चार दिवसांनी पिल्लू आजारी पडलं, तर बहुतेकदा तो रोग आधीच अंगात आलेला असतो. दुसरं, आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती पहिल्या डोसला निकामी करू शकते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, चार महिन्यांचं होईपर्यंत डोस द्यायचे. एक टोचून सोडून दिलं तर भरवसा नाही. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर, ती वेगळी.

आणि आपण ताडोबा, मेळघाट, पेंचच्या कडेला राहणारी माणसं. गीरमध्ये २०१८ साली वीसहून जास्त सिंह दगावले, त्यातल्या काहींच्या नमुन्यांत हाच डिस्टेंपरचा विषाणू सापडला. आपली कुत्री रात्री जंगलात जातात, बिबट्या कुत्र्यासाठी गावात येतो. गावातल्या पिल्लाची लस ही नुसती त्या घरापुरती गोष्ट राहत नाही.

जंताचं औषध देऊ नका, हा सल्ला तर साफ उलटा आहे. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातूनच मिळतात, दुधातूनही येतात. त्यांच्या अळ्या रक्तातून फुफ्फुसात जातात, तिथून खोकल्यावाटे घशात येतात, गिळल्या जातात आणि आतड्यात मोठ्या होतात. पोट नगाऱ्यासारखं, अंग काटकुळं आणि वर खोकला, अशा पिल्लाचा खोकला जंतांचा असू शकतो. दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी, वजन करून, डॉक्टरला विचारून औषध द्या. हे जंत लेकरांनाही बाधतात.

राहिले पाच दिवस. साथीचा साधा खोकला दोन-तीन आठवड्यांत पुष्कळदा आपोआप जातो, म्हणूनच मेसेज खरा वाटतो. खेळणाऱ्या, खाणाऱ्या मोठ्या कुत्र्याबाबत थोडं थांबलं तर चालतं. पिल्लाचा खोकला मात्र एका रात्रीत न्यूमोनियावर जाऊ शकतो. पिल्लू शांत झोपलं असताना मोबाइलवर मिनिट लावा. छाती एकदा वर-खाली म्हणजे एक. चाळीसच्या आत असेल तर ठीक. पुन्हा पुन्हा चाळीसच्या वर येत असेल, हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर असतील, किंवा पिल्लू आडवंच होत नसेल, तर तासही दवडू नका. फवारणीच्या दिवसांत लाळ, थरथर आणि धाप एकदम आली तर विषबाधा समजूनच निघा आणि औषधाचा डबा सोबत आणा.

तोवर पिल्लू चुलीजवळ, शेणाच्या धुराजवळ ठेवू नका. ऊब पोत्याची द्या, धुराची नको. आणताना पोत्यात तोंड बांधून आणू नका, दप्तरातही नको. उघड्या टोपल्यात, पोटावर, मान मोकळी. गावचा दवाखाना बंद असेल तर १९६२ या टोल-फ्री नंबरवर विचारा. आणि येताना काय पाजलं, किती वाजता पाजलं, ते खरं सांगा. मी रागावणार नाही.