पॉइंटसाठी अजून किती सहन करायचं?

परत तेच! मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या आम्हाला नोंदणी टिकवायला ट्रेनिंगचे पॉइंट लागतात, म्हणून जायचं. दहाचं सेशन, साडेअकरापर्यंत दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं मनोगत, मग २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा स्लाईडवरून जसाच्या तसा वाचून दाखवणार, अहो वाचता आम्हालाही येतं! रावेरला वादळात केळी आडवी झाली अन् शेतकरी रात्ररात्र झोपत नाही, धडगावची पावरी बोलणारी आई पोरीला आधी भगताकडे नेते, मग आमच्याकडे, त्यांच्याशी पहिलं वाक्य काय बोलायचं हे कोण शिकवणार? विचारलं की ‘वेळ संपली’. नंदुरबारहून रात्रभर एसटीत अंग आखडून पुण्याला जायचं ते ह्यासाठी? धुळे-जळगावात घ्यायला काय होतं? केस डिस्कशनला एक तास द्या, एकच, तोसुद्धा जेवणाच्या आधी, लोक जागे असताना!